बहिष्कार आता ठेकेदारावर

दांडी म्हटलं की पांढरपेशा माणसाला गुजरातची दांडी आठवते. मूठभर मीठ, खादी, फोटो. १२ मार्च १९३० ला ती यात्रा निघाली. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला होता. शाळेच्या पुस्तकात पहिल्याला धडा मिळतो, दुसऱ्याला ओळ. असो. आम्ही ज्या दांडीबद्दल बोलतोय ती तिसरीच. पालघर तालुक्यातली, बोईसर-तारापूरच्या पश्चिमेला समुद्राला चिकटलेली, मांगेला मच्छीमारांची दांडी. हिच्या एका अंगाला अणुशक्ती केंद्र. पाठीमागे तारापूरची एमआयडीसी, तिचं रसायनाचं पाणी नवापूरच्या समुद्रात. वर उत्तरेला वाढवणचं बंदर. खाली दक्षिणेला मुरब्यात जिंदलचं बंदर प्रस्तावित. मधल्या पट्टीत माणूस जाळं सुकवतो.

या अंकात आम्ही परदेशी ठेकेदारांवरच्या निर्बंधांबद्दल लिहितोय. दुसऱ्याची भूमी लष्करानं बळकवायची आणि तिथं रस्ते, पूल, रेल्वे, धरणं, वीजवाहिन्या बांधायला तिसऱ्या देशाची कंपनी बोलवायची, असा हा धंदा आहे. त्या कंपनीला दंड करावा, तिची कंत्राटं रद्द करावीत, तिच्यातले पैसे काढून घ्यावेत, अशी मागणी जगभर होते आहे. आपल्यातलाच कुणी लगेच विचारणार, "पॅलेस्टाईन कुठं, बोईसर कुठं? आपलं आपल्याला पुरेना, वर जगाची उठाठेव?"

मित्रा, थांब. हा प्रश्न तुझ्या नाक्यापर्यंत आलेला आहे.

मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२,००० भारतीय कामगार पाठवण्याचं ठरलं. त्यातले ३४,००० बांधकामाचे. पुढं ७ ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलनं हजारो पॅलेस्टिनी मजुरांचे कामाचे परवाने बंद केले आणि बांधकामं ओस पडली. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आणि लखनौला भरती झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुढच्या बांधकाम-भरतीचं यजमानपद महाराष्ट्राकडं आलं. शटरिंगवाला, सळई वाकवणारा, प्लास्टरवाला, लादी बसवणारा, हीच ती चार कामं. महिना सव्वा लाखाच्या वर पगार. आता सांग, ही चार कामं कुणाची पोरं करतात? गडकरी चौकातल्या वकिलाची? ही आपल्याच वस्तीतली पोरं. आयटीआय झालेली, एमआयडीसीत ठेक्यावर बारा तास राबणारी, आठ माणसं मेलेल्या २०२० च्या जानेवारीतल्या स्फोटासारखे स्फोट बघितलेली. तेव्हा पॅलेस्टाईन बोईसरपासून लांब आहे, असं कुणी सांगू नये. एका माणसाच्या हातातली थापी काढून घेतली आणि तीच तुझ्या हातात दिली, एवढंच अंतर आहे.

*

बहिष्कार हा शब्द आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तो आपल्या पाठीवर लिहिलेला आहे. १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यायलो तर आधी लाठ्या बसल्या आणि मग गावोगाव बहिष्कार पडला. शेतावर काम बंद, दुकानात सामान बंद, वाट बंद. बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचं नावच ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं. १९३० साली मुंबई सरकारच्या स्टार्टे समितीनं लिहून ठेवलं की अस्पृश्यांनी हक्क मागितला की सवर्ण गाव बहिष्काराचं हत्यार काढतं. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ज्या संरक्षणाच्या अटी मांडल्या त्यात या बहिष्काराविरुद्ध कायदा मागितला होता. महाराष्ट्रानं असा कायदा केला तो २०१६ ला.

म्हणजे वरच्यानं खालच्यावर टाकलेला बहिष्कार काय असतो ते आपल्याला हाडापर्यंत माहीत आहे. त्यानं पोरं उपाशी राहतात. म्हणून निर्बंध हा शब्द ऐकला की आपल्या मनात शंका यायलाच हवी. १९९० पासून इराकवर निर्बंध लादले. औषधं अडकली, मेली ती गरिबांची लेकरं. सद्दामच्या महालातला दिवा विझला नाही. असल्या निर्बंधांना आमचा पाठिंबा नाही. गावकुसाबाहेरच्या माणसानं गावकीचा न्याय दुसऱ्या देशावर चालवू नये.

पण हत्यार तेच असलं तरी दिशा बदलता येते. आख्ख्या जनतेचं पाणी तोडणं वेगळं आणि बळकावलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतून नफा काढणाऱ्या कंपनीचं कंत्राट तोडणं वेगळं. पहिल्यात वरचा खालच्याला मारतो. दुसऱ्यात खालचा वरच्याच्या खिशाला हात घालतो. फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. ज्याच्या छातीवर बसलेत तो काय म्हणतो? दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या जनतेच्या चळवळीनं स्वतः जगाला सांगितलं, आमच्या मालकांशी व्यापार तोडा. ९ जुलै २००५ ला पॅलेस्टिनी संघटनांनी अशीच हाक दिली. मागणी दडपलेल्याची असेल तर ती बहिष्काराची नवी जात आहे, आणि या जातीला आम्ही जात मानतो.

*

आता ठेकेदारच का? सैनिकाला सोडून इंजिनिअरच्या मागं का लागायचं?

कारण सैनिक येतो आणि जातोही. काँक्रीट जात नाही. बंदुकीनं घेतलेली जमीन कायमची करायची तर तिथं रस्ता लागतो, पाण्याची लाईन लागते, वीज लागते, रेल्वे लागते. मग वसाहत होते, वसाहतीत माणसं राहायला येतात, त्यांची पोरं तिथं शाळेत जातात, आणि वीस वर्षांनी सांगतात, "आता एवढं उभं राहिलंय, मागं कसं जाणार?" गावच्या गायरानात पाटलाचं पक्कं घर उठतं तेव्हा हेच होतं. अतिक्रमण आपलं झोपडं ठरतं, त्याचा बंगला मात्र वहिवाट होतो.

हे आजचं नाही. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकमध्ये झांबेझी नदीवर काहोरा बासा धरण बांधायला परदेशी कंपन्यांचा जथा जमला. दक्षिण आफ्रिकेच्या, जर्मनीच्या, फ्रान्सच्या. वीज जायची होती वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला. फ्रेलिमोचे लढवय्ये म्हणाले, हे धरण म्हणजे आमच्या उरावरचा दगड. स्वीडनमधल्या तरुणांनी रस्त्यावर येऊन आसिआ या आपल्याच देशाच्या वीज कंपनीला घेरलं. १९६९ ला आसिआ त्या कामातून बाहेर पडली. धरण थांबलं नाही, हेही लिहायला हवं. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला, आणि तरी त्या धरणाची मालकी मुख्यतः पोर्तुगालकडंच राहिली. ती मोझांबिकच्या हातात आली २००७ ला. झेंडा बदलायला एक रात्र पुरते, धरणाचा मालक बदलायला बत्तीस वर्षं लागली. ठेकेदाराला सुरुवातीलाच का अडवायचं, त्याचं उत्तर या बत्तीस वर्षांत आहे.

आणखी जवळ या. गोव्याला या. १९५४-५५ मध्ये भारत सरकारनं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद, माल बंद. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर सरहद्दीवर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं पडली. एवढी नाकेबंदी असून सालाझारची सत्ता गोव्यात गुदमरली का नाही? कारण जमिनीखालचं लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात होतं. परदेशी पैशानं, परदेशी यंत्रांनी खाणी मोठ्या होत होत्या. गोव्यातल्या गरिबाच्या घरी बटाटा महाग झाला आणि खाणवाल्याची तिजोरी भरली. डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर शिरलं तेव्हाच ते प्रकरण मिटलं. धडा साधा आहे. खालच्या माणसाचा बटाटा अडवलात आणि खाण बांधून देणाऱ्या परदेशी सावकाराला मोकळं सोडलंत तर ती नाकेबंदी गरिबावरच उलटते.

*

आता आजचं.

‘व्याप्त’ हा शब्द मराठी माणसाला एकाच जोडशब्दात ठाऊक आहे, पाकव्याप्त काश्मीर. ठीक आहे, तिथूनच सुरू करू. चीननं पाकिस्तानात महामार्ग आणि वीज प्रकल्पांची साखळी बांधायला घेतली. तिचा रस्ता त्या भागातून जातो. भारत सरकारनं तेव्हापासून आक्षेप घेतलेला आहे. २०१७ ला चीनच्या बेल्ट अँड रोड परिषदेला भारत गेला नाही. २०२२ ला परराष्ट्र खात्यानं बजावलं की तिसऱ्या देशानं यात भाग घेतला तर ते बेकायदा ठरेल. सिंधू नदीवरच्या डायमर-भाशा धरणाला जागतिक पैसा मिळण्यात अडचण आली, त्यामागंही भारताची हरकत होती. म्हणजे तत्त्व दिल्लीला मान्य आहे. ज्या भूमीची मालकी वादात, तिथं तिसऱ्याच्या ठेकेदारानं पाय ठेवू नये.

छान. मग तेच तत्त्व पुढं चालवा.

१९ जुलै २०२४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लामत दिलं. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातली इस्रायलची उपस्थितीच बेकायदा आहे, आणि ती टिकवायला कुठल्याही देशानं मदत करू नये. १८ सप्टेंबर २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यावर ठराव आला. १२४ देश बाजूनं, १४ विरुद्ध, ४३ तटस्थ. भारत त्या ४३ मध्ये. हजर राहून दांडी मारली! १९४६ साली, स्वतंत्रही झालेला नव्हता तेव्हा, हाच देश वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा जगातला पहिला देश ठरला होता. तेव्हा व्यापारातला तोटा सोसला. आता नुसता हातही वर करवत नाही.

२०१६ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं ठरवलं की बेकायदा वसाहतींच्या धंद्यात कोण कोण कंपन्या आहेत त्याची यादी करायची. २०२० च्या फेब्रुवारीत ११२ नावं जाहीर झाली. सप्टेंबर २०२५ च्या यादीत १५८ कंपन्या आहेत, ११ देशांच्या. २०२० च्या यादीत ब्रिटनची एक कंपनी होती, जे. सी. बॅमफर्ड. ओळखली का? जेसीबी! आपल्याकडं हे कंपनीचं नाव राहिलंच नाही, यंत्राचं नाव झालं. ‘जेसीबी आला’ म्हटलं की झोपडपट्टीत बायका भांडी गोळा करायला धावतात. हीच कंपनी आपल्या पुण्याजवळ तळेगावला यंत्रं बनवते. तिकडं पॅलेस्टिनी घर पाडलं, इकडं बुलडोझर हाच न्याय झाला. अखेर १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आरोप झाला म्हणून कुणाचं घर पाडता येत नाही. यंत्राला जात नसते, धर्म नसतो, हे कबूल. पण ते यंत्र कुणाच्या दारात उभं राहतं ते बघा, म्हणजे त्याच्या मालकाचा धर्म कळेल.

फ्रान्सची व्हेओलिया घ्या. जेरुसलेमच्या पूर्व भागातून वसाहतींना जोडणाऱ्या ट्रामच्या कामात ती होती. युरोपातल्या शहराशहरांत तरुणांनी नगरपालिकांवर दबाव टाकला, हिला पाण्याचं, कचऱ्याचं, बसचं कंत्राट देऊ नका. वर्षानुवर्षं हा रेटा चालला. २०१५ ला व्हेओलियानं ट्राममधला हिस्सा विकला आणि ती बाहेर पडली. त्याच काळात, २०१२ पासून, याच व्हेओलियाला भागीदारीत आपल्या नागपूरच्या पाण्याचं कंत्राट होतं. दीक्षाभूमीच्या शहराच्या नळाचं! तिकडं डब्लिन-लंडनची पोरं हिच्या नावानं मोर्चे काढत होती. इकडं नागपुरात पाण्याच्या बिलावर भांडणं झाली, पण ही कंपनी आणखी कुठं काय बांधते, हे कुणी महापालिकेला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चवदार तळ्याच्या वारसांनी तर नक्कीच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या सरकारी फंडानं, जगातल्या सगळ्यात मोठ्या फंडानं, कॅटरपिलरमधले पैसे काढून घेतले. कारण तिचे बुलडोझर पॅलेस्टिनी मालमत्ता पाडायला वापरले जातात. रशियानं २०१४ ला क्रायमिया गिळल्यावर तिथं जोडणारा केर्च पूल बांधला, तर २०१८ ला युरोपीय संघानं पुलाच्या कामातल्या सहा कंपन्यांवर निर्बंध लावले. त्याआधी सीमेन्सची टर्बाईन्स निर्बंध चुकवून क्रायमियात पोचली, त्यावरून गदारोळ झाला. आणि तीच सीमेन्स मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात पवनचक्क्या उभारते, तिथं युरोपचा आवाज खाली येतो. गोऱ्याची जमीन गेली तर कलम, सहारातल्या माणसाची गेली तर गप्पा. म्हणून आम्ही म्हणतो, यादी एकच हवी. क्रायमियाला एक वजन, गाझाला दुसरं, सहाराला तिसरं, असली बनियाची तागडी नको.

*

आता तारापूर. इथं आमच्या वाचकानं नीट लक्ष द्यावं, कारण निर्बंधांचा खेळ कुणासाठी चालतो ते इथं उघडं पडतं.

भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला बांधलं ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं, तिच्यासोबत बेक्टेल. १९६३ चा करार, १९६४ ला काम सुरू, १९६९ ला वीज. इंधन तीस वर्षं अमेरिका देणार होती. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला आणि अमेरिका हात आखडू लागली. १९७८ ला त्यांनी कायदाच केला. इंधन अडलं. १९८२ ला फ्रान्सकडून इंधनाची सोय झाली. म्हणजे परदेशी ठेकेदारानं बांधलेल्या प्रकल्पावर निर्बंध लागले, आणि ते आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावर.

पण ते लागले कशासाठी? बॉम्बच्या भीतीनं. किनाऱ्यावरच्या माणसाची जमीन गेली, समुद्रात बंदी क्षेत्र आलं, म्हणून वॉशिंग्टनमध्ये एकाही सिनेटरनं बोट उचललं नाही. पुढं ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या आल्या, त्या देशी ठेकेदारांनी बांधल्या, २००५-०६ ला सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. गावकरी उच्च न्यायालयापर्यंत लढत राहिले. त्या गावांसाठी कुठल्या देशानं निर्बंध लावले? कुणीच नाही. राष्ट्रांच्या भांडणात निर्बंध असतात. गाव उठतं तेव्हा फक्त नोटीस असते.

आणि नोटीस तरी कुणाला? १८९४ च्या इंग्रजी भूसंपादन कायद्यात मोबदला सातबाऱ्याला होता. सातबारा नसलेला मच्छीमार, सातबारा नसलेला शेतमजूर, दळी कसणारा आदिवासी, गावकुसाबाहेरचा आपला माणूस, हे त्या कायद्याच्या हिशेबात माणसंच नव्हते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांना तुरुंगात नेलं ते याच हिशेबाविरुद्ध. समुद्राला तर सातबाराच नाही. मग मांगेल्याचं गेलं काय? कागदावर काहीच नाही.

आम्ही शब्द सैल वापरत नाही. अक्करपट्टी म्हणजे हेब्रॉन नव्हे. इथं मतदान आहे, न्यायालय आहे, संविधान आहे, आणि ते बाबासाहेबांनी लिहिलेलं आहे. तिथं परक्या लष्कराचा हुकूम आहे. ‘व्याप्त भूमी’ हा कायद्यातला नेमका शब्द आहे, तो आम्ही पालघरला चिकटवणार नाही. पण ठेकेदाराची रीत दोन्हीकडं एकच असते. जमिनीवरच्या माणसाला विचारायचं नाही, वरच्या साहेबाची सही घ्यायची, काम उरकायचं, नफा घेऊन जायचं, आणि पुढं काही झालं तर हात वर. भोपाळला १९८४ ला हेच बघितलं. त्या अनुभवातून २०१० च्या अणु-दायित्व कायद्यात कलम १७ (ब) आलं, यंत्र पुरवणाऱ्याच्या चुकीनं अपघात झाला तर त्याच्याकडूनही वसूल करता येईल म्हणून. परदेशी कंपन्यांना ते कलम पंधरा वर्षं खुपत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा करून २०१० चा कायदाच काढून टाकला, आणि त्या कलमाचं ते शस्त्रही गेलं. नव्या कायद्याचं नाव ‘शांती’. तारापूरच्या शेजाऱ्यानं या शांतीचा अर्थ स्मशानात शोधायचा का?

*

परदेशी ठेकेदाराला अडवता येतच नाही, असं म्हणणाऱ्यानं वाढवणचा इतिहास वाचावा. १९९० च्या दशकात सरकारनं वाढवणला बंदर बांधायला ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ कंपनीला बोलावलं. मच्छीमार, बागायतदार, डायमेकर, वारली, सगळे उठले. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झालेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेलं प्राधिकरण होतं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८ ला प्राधिकरणानं सांगितलं, इथं हे बंदर बसत नाही. पी अँड ओ गेली. बंदूक नाही, अमेरिका नाही, युरोपीय संघ नाही. किनाऱ्यावरच्या माणसानं परदेशी ठेकेदार परत पाठवला.

मग काय झालं? त्याच जागी देशी पाटी लागली. जेएनपीए ७४ टक्के, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड २६ टक्के. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली, धर्माधिकारी तोवर हयात नव्हते. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. खर्च ७६,२२० कोटी. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. १९९८ ला जो समुद्र नाजूक होता तो २५ वर्षांत कणखर झाला काय? झाला असेल, तर कुठल्या व्यायामानं?

इथं आमची चळवळ ठेच खाते. परदेशी म्हटलं की राष्ट्रवादी माणूसही आपल्यासोबत मुठी वळतो. पाटी देशी झाली की तोच माणूस आपल्याला देशद्रोही म्हणतो. म्हणून आम्ही सांगतो, ठेकेदाराचा पासपोर्ट बघू नका, त्याचं काम बघा. काहोरा बासाला स्वीडिश पोरं स्वतःच्याच देशाच्या कंपनीविरुद्ध उभी राहिली होती. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. भारतीय कंपनी परदेशात व्याप्त भूमीवर बांधायला गेली तर तिला आधी आपण अडवलं पाहिजे, तेल अवीवनं नाही.

*

उरला आपला पोरगा. इस्रायलच्या भरतीच्या रांगेत उभा राहिलेला.

त्याच्यावर बहिष्कार नाही. हे आम्ही ठळक लिहितो. घरी कर्ज, बहिणीचं लग्न, ठेक्यावरची नोकरी, त्याला सव्वा लाख दिसले तर तो जाणारच. त्याला नीतीचे पाठ देणाऱ्या प्राध्यापकानं आधी आपला महिन्याचा पगार सांगावा. आणि इस्रायलमधलं सगळंच बांधकाम व्याप्त भूमीत नाही, हेही खरं. पण त्याला माहिती मिळायला हवी. त्याची जागा कुणाची होती, ती का रिकामी झाली, हे त्याला कुणी सांगितलं? गिरणीच्या संपात मालक बाहेरून माणसं आणायचा, त्यांना आपण काय म्हणायचो ते लालबाग-परळच्या म्हाताऱ्यांना विचारा. १९८२ चा संप पाहिलेल्यांच्या नातवंडांना आज सरकार विमानात बसवून पाठवतंय, दुसऱ्याचा हात तोडून रिकामी झालेल्या जागेवर. दोष त्या नातवाचा नाही. त्याला कामाच्या जागेचा नकाशा न दाखवता करारावर सही घ्यायला लावणाऱ्याचा आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

एक. महाराष्ट्र सरकार, महापालिका, एमएमआरडीए, जेएनपीए यांच्या प्रत्येक निविदेत अट घाला. जी कंपनी जगात कुठंही व्याप्त भूमीत बांधकाम करते, यंत्र पुरवते, तिला इथं काम नाही. पॅलेस्टाईन असो, क्रायमिया असो, सहारा असो.

दोन. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक बांधकाम कामगाराच्या करारात कामाचं ठिकाण लिहा. व्याप्त भागात जायला त्यानं नकार दिला तर पगार कापणार नाही, परत पाठवणार नाही, अशी हमी सरकारनं द्यावी. करार मराठीत द्या.

तीन. अणुभट्टीचं यंत्र पुरवणाऱ्याची जबाबदारी कायद्यात परत आणा. तारापूरला राहणाऱ्याचा जीव आणि कंपनीचा नफा यांत कायदा कुणाच्या बाजूचा, ते एकदा स्पष्ट होऊ द्या.

चार. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या ग्रामसभेनं नाही म्हटलं तर नाही. सातबारा नसलेल्या माणसाचं नुकसान आधी मोजा, मग नारळ फोडा.

आणि पाचवी मागणी सरकारकडं नाही, तुझ्याकडं आहे. तुझ्या शहरात कुठल्या कामावर कुठल्या कंपनीची पाटी आहे, कुठलं यंत्र उभं आहे, निविदा कुणाला गेली, हे लिहून काढ. माहितीचा अधिकार आपल्याकडं २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. ती नावं संयुक्त राष्ट्रांच्या यादीशी ताडून बघ. बोईसर, ठाणे, नागपूर, पुणे, औरंगाबादच्या मित्रांनी हे केलं तर आपली एक मराठी यादी तयार होईल. ती यादी आम्ही याच पानांवर छापू. मग नगरसेवकाच्या दारात, महापालिकेच्या सभेत, नाक्यावर, ती वाचू. व्हेओलियाला तिकडच्या पोरांनी असंच हलवलं, भाषणांनी नाही.

हजारो वर्षं गावानं आपल्याला वाळीत टाकलं. वाळीत टाकायचं असेलच तर आता त्याला टाकू, जो दुसऱ्याच्या घरावर आपला पाया खणतो.

जय भीम!